रेडिओआधीचा आवाज

संध्याकाळ झाली आहे. नाचणगावातल्या एका ओसरीवर तुम्ही बसला आहात. कोनाड्यात ट्रान्झिस्टर लावलेला आहे आणि नागपूर केंद्राचा आवाज खरखरत कानी येतो आहे. दूर पुलगावच्या बाजूने वर्धा नदीच्या पुलावरून गाडी धडधडत जाते. तिच्या शिट्टीत रेडिओचा आवाज बुडतो.

शिट्टी थांबते, तेव्हा कोनाड्यात ट्रान्झिस्टर नसतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 साली सुरू झालं, आणि तुम्ही त्याच्याही मागे आला आहात. तुम्ही आगगाडीच्या डब्यात आहात. खिडकीतून आत आलेली कोळशाची कणी डोळ्यांत खुपते. 1895 साल जवळ आलं आहे आणि गाडी नागपूरहून राजनांदगावकडे निघाली आहे. समोरच्या बाकावर तिशीतला एक कवी बसला आहे, नारायण वामन टिळक. शेजारचा गोरा मिशनरी त्याच्याशी काव्यावर बोलतो, धर्मावर बोलतो आणि जाताना त्याच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवतो. टिळक ती उघडतात. पुढे डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचं मन अडकतं, ते कायमचंच.

तुम्हाला त्यांना थांबवावंसं वाटतं. घरी सांगा, बायकोला विश्वासात घ्या, असं म्हणावंसं वाटतं. पण आवाज फुटत नाही.

10 फेब्रुवारी 1895. मुंबईत टिळक बाप्तिस्मा घेतात. घरात कल्पना कुणालाच नाही. आता तुम्ही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंजवळ उभे आहात. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई अजून तिशीतही नाही. पदरात लहानगा दत्तू आहे. बातमी आली आहे आणि घरात रडारड उठली आहे. नवरा जिवंत आहे, तरी लोक तिच्याकडे नवरा गेल्यासारखं पाहतात. काही काळ ती पंढरपुरात नातलगांच्या आधाराने काढते. पत्रं मात्र येत-जात राहतात, कधी रागाची, कधी कवितेची. बारीक दिव्याच्या उजेडात ती अक्षर लावून वाचते. वाचायला तिला टिळकांनीच शिकवलेलं असतं.

काही वर्षांनी ती मुलाला घेऊन नवऱ्याकडे येते. धर्म मात्र सोडत नाही. एकाच संसारात तिचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. तुम्ही राहुरीच्या त्या घरात दाराशी उभे राहता. आत कुणी कुणाला ओढत नाही. मग एके दिवशी तिच्या मनात आपसूक प्रश्न उठतो: जात देवाने केली की माणसाने? उत्तर तिचं तिलाच मिळतं. त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी तिला वर्ज्य राहत नाही. 1900 साली ती स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला जाते.

आता नगरला या. घर माणसांनी भरलं आहे. दुष्काळाने पोरकी झालेली मुलं आहेत, आल्यागेल्याचा राबता आहे, आणि टिळकांचा हात इतका सैल की संध्याकाळच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंनीच करायची. भांडणं होतात, तशी मिटतातही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक लाजरा मुलगाही याच घरात राहून जातो. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं, तो हाच.

अंधार पडतो, टाळ-मृदंग घुमू लागतात. कीर्तन आहे. अभंग आहे, आख्यान आहे, चाल तुमच्या गावातल्या सप्ताहातली. फक्त कथा येशूची आहे. अंगणात बसलेल्या ज्या माणसाला अक्षर ओळखीचं नाही, त्याच्याही कानात ती शिरते. पुढे लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनाला उभ्या राहतात. पदर खोचून एक बाई ख्रिस्तचरित्र सांगते आहे, आणि समोरच्या बायका तिच्याकडे टक लावून पाहत आहेत.

ही वाट जुनीच आहे. 1616 साली गोव्यात छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ फादर थॉमस स्टीफन्स या कॅथलिक जेझुइटाने मराठी ओवीत रचलं, कारण ओवी ऐकण्यासाठीच असते. टिळक पती-पत्नी प्रोटेस्टंट, पण दोघांनाही तीच ओवी जवळची. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, आणि 9 मे 1919 रोजी ते गेले. हस्तलिखित अर्धवट राहिलं. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले. नवऱ्याचं वाक्य बायकोने पूर्ण केलं.

पुढे रेडिओचा काळ आला. 12 फेब्रुवारी 1931 रोजी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस जगाशी बोलले. सारं जग एकदम ऐकू शकेल असा तो आवाज होता. दोन वर्षांनी, 1933 साली, लक्ष्मीबाई नागपूरच्या साहित्यसंमेलनातल्या कविसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. भुसावळ, अकोला, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा, मग नागपूर अशी ही लोहमार्गाची वाट आहे. तुम्ही पुलगावच्या फलाटावर उभे राहून डब्याडब्यातून पासष्ट वर्षांची ती बाई शोधता. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये या देशाच्या नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

पुन्हा शिट्टी होते. ओसरी तीच, ट्रान्झिस्टरही तोच. नदीकडून गार वारा येतो आहे.

आज काही पती-पत्नी मिळून रेडिओवर ध्वनिक्षेपकासमोर बसतात, संसाराबद्दल आणि श्रद्धेबद्दल बोलतात. ते काम मोलाचं आहे. पण या घरातून आलात म्हणून तुम्हाला एक गोष्ट आता ठाऊक आहे. टिळकांच्या शब्दाला वजन आलं, कारण त्यांनी दुखावलेली बायको त्यांच्याजवळ स्वतःच्या निर्णयाने आली, आणि ती येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. कुटुंबाची सेवा करायची तर आधी घरातल्या माणसाला त्याचा वेळ द्यावा लागतो.

आज जेवणं झाली की लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ काढा. एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. ते पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच आहे.