सातबाऱ्याच्या ओळी, घराण्याच्या फांद्या

वसईच्या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या वाडीचा हस्तलिखित सातबारा उघडा. आजोबांचं नाव कंसात, खाली मुलगे, मुली, वारलेल्या एका मुलाची विधवा, तिची मुलं, सगळे एकाच रकान्यात एकाखाली एक. कोण कोणाचं, हे मधल्या नावावरून ताडायचं. या सपाटपणाला लेखनिकाचा आळस म्हणणं सोपं आहे, पण तो हेतूतून आला. 1835 मध्ये इंदापुरात सुरू झालेल्या मुंबई इलाख्याच्या भूमापनाला सारा भरणारा माणूस हवा होता, घराणं नको होतं. म्हणून पुढेही अख्खं एकत्र कुटुंब ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) या तीन अक्षरांत मावलं. 1903 च्या कायद्याने हक्कनोंद आली आणि हक्कातला प्रत्येक बदल फेरफाराच्या वहीत क्रमांकाने चढू लागला. मृत्यू, खरेदी, वाटणी, जे आधी नोंदवलं ते आधी. सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी वर्तुळात तोच क्रमांक. वर्तुळ धरून मागे गेलं की ओळींतून वंशावळ उभी राहते. वसईत जमिनीचा शोध घेणारे वकील हेच करत आले.

वेब अ‍ॅप्लिकेशनपुढचं कामही हेच. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत स्वतःचा आणि पालकाचा क्रमांक असतो, पडद्यावर मात्र झाड हवं. अननुभवी माणूस प्रत्येक नावासाठी डेटाबेसकडे नवा हेलपाटा घालतो, जणू एकेका फेरफाराच्या नकलेसाठी तहसीलला वेगळा अर्ज. जाणकार सगळी वही एकदम आणतो, प्रत्येक क्रमांकाची जागा ठरवतो, मग एकेक ओळ तिच्या पालकाखाली टांगतो. मग माहिती मुळातच झाडासारखी का ठेवू नये? आयबीएमची आयएमएस प्रणाली तशी ठेवत होती; 1970 मध्ये संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी तक्त्यांची बाजू मांडली, कारण झाड एकाच प्रश्नाला सोयीचं असतं. जमिनीतही ‘45/2/1’ असा हिस्सा नंबर म्हणजे फांदीचा पत्ताच. पण 1947 च्या कायद्याने जिथे तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तिथे गट नंबर आले आणि जुने पत्ते निरुपयोगी झाले. फेरफाराची वही मात्र टिकली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: वारसा हे झाड नाहीच. वसईच्या ख्रिस्ती घरांत 1925 च्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समान वाटेकरी, 2005 नंतर हिंदू एकत्र कुटुंबातही मुलगी जन्मतः सहहिस्सेदार. एकच बाई माहेरच्या फांदीवर आणि नवऱ्यामागे सासरच्याही. हे मान्यच करावं लागतं, आणि त्यानेच सपाट वहीची बाजू भक्कम होते: तिथे त्या बाईच्या दोन नोंदी सुखाने नांदतात, झाडात मात्र तिला एकच बाप द्यावा लागतो.

खरा धोका वेगळा आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून एक चौकट असते. त्यात क्रमांक ओळीने येतात, पण कुठला क्रमांक कुठल्या नावाचा, ते त्या चौकटीत कळत नाही. 2009 मध्ये महानगरपालिकेत गेलेल्या गावांत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना, नाव आणि क्रमांक यांना बांधणारं ते वर्तुळ शोधायला वकिलाला अजूनही हस्तलिखित सातबाराच काढावा लागतो.