लेव्हीपासून बाजारापर्यंत : चीनच्या खेड्यांची गोष्ट

गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो : शेतमाल सरकारनं घ्यावा, की बाजार मोकळा सोडावा? कांद्याचा भाव पडला की आपण म्हणतो, सरकारनं खरेदी करावी. भाव चढला आणि निर्यात बंद झाली की म्हणतो, सरकारनं मध्ये पडू नये. दोन्ही वेळा आपण आपल्या अडचणीतूनच बोलत असतो. म्हणून आज आम्ही एका देशाचा इतिहास सांगणार आहोत, जिथं आधी सगळंच सरकार ठरवत होतं आणि मग तीस वर्षांत, एकेक पायरी उतरत, तो देश बाजाराकडे आला. तो देश म्हणजे आपला शेजारी चीन. ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा : प्रत्येक पायरीवर बाईचं नाव कुठं होतं?

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाचं सरकार आलं. जमीनदारांच्या जमिनी काढून गरिबांना वाटल्या, त्यात बायकांनाही हिस्सा मिळाला. पण हे फार दिवस टिकलं नाही. १९५३ पासून धान्याची खरेदी-विक्री सरकारनं आपल्या हाती घेतली. व्यापाऱ्याला धान्य विकायला बंदी झाली. आपल्याकडच्या जुन्या बायकांना लेव्हीची ज्वारी आठवत असेल, तसंच, पण त्याहून किती तरी कडक. किती पेरायचं, किती द्यायचं, कोणत्या भावानं द्यायचं, हे वरून यायचं. शहरात धान्याला कुपन, तेलाला कुपन, कापडालाही कुपन. १९५८ मध्ये जमिनी, बैल, अवजारं सगळं एकत्र करून मोठमोठे कम्यून केले. घरातल्या चुली बंद झाल्या आणि गावाचं एकच स्वयंपाकघर झालं.

बायकांना वाटलं, चला, चुलीतून सुटलो. पण पुढं जे झालं ते भयंकर होतं. वरिष्ठांना खूश करायला अधिकाऱ्यांनी पिकाचे आकडे फुगवले, आणि त्या फुगलेल्या आकड्यांवर सरकारनं धान्य उचललं. कणग्या रिकाम्या झाल्या. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये दुष्काळ पडला. त्यात किती माणसं गेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. खोट्या हिशेबानं माणूस मरतो, हे गटाची वही लिहिणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

कम्यूनमध्ये मजुरी पैशात मिळत नसे, गुणांमध्ये मिळे. दिवसभर काम केलं की वहीत गुण लिहायचे आणि वर्षाच्या शेवटी त्या गुणांवर धान्य आणि थोडी रोकड मिळायची. पुरुषाला पूर्ण दिवसाचे दहा गुण, बाईला बहुतेक ठिकाणी सहा, सात, फार तर आठ. भाताची लावणी बायकांची, कापसाची वेचणी बायकांची, तरी गुण कमीच. शान्सी प्रांतातल्या शेन जिलान या शेतकरी बाईनं १९५० च्या दशकात आपल्या गावात 'समान काम, समान गुण' असा आग्रह धरला आणि तो देशभर गाजला. पुढं ती राष्ट्रीय संसदेवर गेली. पण बहुतेक गावांत बाईचे गुण पुरुषाच्या बरोबरीला आले नाहीत. शिवाय गुण तिच्या नावावर लिहिले, तरी वर्षअखेरचा हिशेब घराच्या कर्त्याच्या हातात जायचा. एवढं मात्र खरं, की गावाच्या वहीत तिचं नाव होतं आणि तिनं किती काम केलं ते सगळ्यांना दिसत होतं.

आता १९७८ साली या. माओ जाऊन दोन वर्षं झाली होती. आन्हुइ प्रांतात मोठी अवर्षणाची साल होती. तिथं फंगयांग तालुक्यात श्याओगांग नावाची छोटी वाडी आहे. लोक हिवाळ्यात भीक मागायला बाहेर पडत, इतकी गरिबी. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर अठरा कुटुंबप्रमुख रात्री एका झोपडीत जमले. त्यांनी एका कागदावर लिहिलं की जमीन घरटी वाटून कसायची, सरकारचा वाटा आधी पोचता करायचा, आणि यात कोणी तुरुंगात गेलं, तर बाकीच्यांनी त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. खाली अंगठे उमटवले. हे सारं त्या वेळी कायद्याविरुद्ध होतं. श्याओगांग एकटं नव्हतं. आन्हुइमध्येच आणखी काही गावांनी त्याच वर्षी असं केलं होतं, आणि १९६१ मध्येही तिथं असा प्रयोग होऊन बंद पडला होता. या वेळी फरक एवढाच, की प्रांताचे प्रमुख वान ली यांनी त्याकडे काणाडोळा केला.

पुढच्या वर्षी तिथं पीक जोरात आलं. आणि इथून चीनच्या सरकारची चाल बघण्यासारखी आहे. सरकारनं एकदम 'उद्यापासून सगळं मोकळं' असं म्हटलं नाही. १९७८ च्या डिसेंबरमध्ये डेंग झिआओपिंग यांच्या काळाची सुरुवात झाली, तेव्हाच्या ठरावातही घरटी जमीन वाटायला मनाईच होती. फक्त खरेदीचा भाव वाढवला : ठरलेल्या लेव्हीला वीस टक्के जास्त आणि लेव्हीच्या वर जे द्याल त्याला आणखी पन्नास टक्के. १९८० मध्ये सांगितलं, फार गरीब भागात घरटी करार चालेल. १९८२ मध्ये सगळ्या देशासाठी तो मान्य केला. १९८३ संपेपर्यंत जवळजवळ सगळी गावं या पद्धतीवर आली होती. नदी ओलांडताना पाण्यातले दगड पायानं चाचपत पुढं जायचं, अशी तिकडं म्हण आहे. ओढ्याला पाणी असताना डोक्यावर भारा घेऊन पलीकडे गेलेल्या बाईला ती लगेच कळेल.

जमीन कोणाच्या मालकीची झाली नाही. ती गावाचीच राहिली, कसायला मात्र घराला दिली. नियम साधा होता : सरकारचं देऊन टाका, गावाचा वाटा ठेवा, उरलं ते तुमचं. या 'उरलं ते तुमचं' मध्ये सगळी जादू होती. १९७८ मध्ये चीनचं धान्य साडेतीस कोटी टन होतं. १९८४ मध्ये ते चाळीस कोटी सत्तर लाख टनांवर गेलं. जमीन तीच, माणसं तीच. भाव वाढला, खतं वाढली, सुधारित बियाणं आलं, पण घाम गाळला तर तो आपल्या कणगीत पडतो, हेही कारण मोठं होतं.

मग दोन भावांची पद्धत आली. एकाच वस्तूला एक सरकारी भाव आणि एक बाजारभाव. ही पद्धत आपल्याला परकी नाही. आपल्या साखर कारखान्यांना बरीच वर्षं साखरेचा काही हिस्सा रेशनसाठी स्वस्तात द्यावा लागायचा, त्याला लेव्ही साखर म्हणत, आणि बाकीची खुल्या बाजारात जायची. तो हिस्सा कमी कमी होत दहा टक्क्यांवर आला आणि २०१३ मध्ये बंद झाला. चीननं हेच धान्य, पोलाद, कोळसा, कापड अशा अनेक वस्तूंबाबत केलं. सरकारी वाटा तेवढाच ठेवला, वाढीव उत्पादन बाजारात जाऊ दिलं. बाजार मोठा होत गेला आणि सरकारी वाटा त्याच्या पुढं लहान दिसू लागला. धान्याची कुपनं १९९३ मध्ये बंद झाली. चाळीसएक वर्षांची सवय, पण तोपर्यंत बाजारात धान्य इतकं होतं की फारसं कोणी अडलं नाही.

उलट रशियानं काय केलं ते बघा. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक वस्तूंचे भाव एका दिवसात मोकळे केले. त्या एका वर्षात भाव पंचवीसपटींहून जास्त झाले. म्हाताऱ्या माणसांनी जन्मभर साठवलेल्या पैशाची किंमत मातीमोल झाली. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की चीनच्या हळू चालीनं लोकांची पोटं वाचवली. आम्हालाही ते पटतं. पण इथं थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील.

दोन भाव म्हटले की मधला माणूस आलाच. ज्याचा हात सरकारी गोदामापर्यंत पोचतो, तो स्वस्तात घेतो आणि बाजारात महाग विकतो. चीनमध्ये अधिकारी आणि त्यांचे सोयरे यात गब्बर झाले. १९८८ मध्ये महागाई अठरा टक्क्यांच्या वर गेली आणि लोकांनी घाबरून मीठ, साबण, कापड जे मिळेल ते घरात भरलं. १९८९ मध्ये बीजिंगमध्ये जे मोठं आंदोलन उठलं आणि लष्करानं चिरडलं, त्यामागं या भ्रष्टाचाराचा आणि महागाईचाही राग होता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. जमिनीचा करार घराशी झाला. घर म्हणजे कोण? कागदावर कर्त्याचं नाव लागलं. कम्यूनच्या वहीतली गुणांची पानं बंद झाली, तशी बाईच्या कामाची वेगळी नोंदही बंद झाली. तिचं काम कमी झालं नाही, उलट डुकरं, कोंबड्या, भाजीपाला, आठवडी बाजार हे सगळं वाढलं. हातात अंड्यांचे, भाजीचे पैसे खेळू लागले, हा फायदा खरा. पण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की माहेरच्या गावानं तिचा हिस्सा काढून घ्यायचा आणि सासरच्या गावात वाटणी आधीच झालेली असायची. घटस्फोट झाला तर दोन्हीकडून हात रिकामे. २००२ च्या कायद्यात लिहावं लागलं की नव्या गावी जमीन मिळाल्याशिवाय लग्न झालेल्या बाईची जुनी जमीन काढून घेऊ नये. जमिनीच्या दाखल्यावर कुटुंबातल्या हक्कदारांची सगळ्यांची नावं हवीत, हे कायद्यात यायला २०१८ साल उजाडलं. करार मान्य झाला १९८२ मध्ये. म्हणजे मधे छत्तीस वर्षं गेली, एक अख्खी पिढी.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. कम्यूनच्या पैशावर गावोगावी साधी आरोग्य योजना चालायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी सुमारे नव्वद टक्के गावांत ती होती. कम्यून मोडले, योजनेचा पैसा आटला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात ती पाच टक्क्यांच्या आसपास गावांत उरली. शेतीचं उत्पन्न वाढलं, पण बाळंतपण आणि आजारपण घराच्या खिशावर आलं. नवी ग्रामीण आरोग्य योजना सुरू झाली ती २००३ मध्ये. ही वीस वर्षं कोणी भरून काढली असतील, ते सांगायला नको. घरात आजारी माणसाच्या उशाशी कोण बसतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट कारखान्यांची. गावांचे आणि छोट्या शहरांचे उद्योग वाढले. १९७८ मध्ये त्यात पावणेतीन-तीन कोटी माणसं होती, १९९६ पर्यंत साडेतेरा कोटी झाली. समुद्रकाठच्या शेनझेनसारख्या ठिकाणी खेड्यातल्या लाखो मुली कामाला गेल्या. त्यांनी घरी पैसे पाठवले, भावांची शिक्षणं केली, स्वतःच्या मनानं लग्नं केली. आणि १९ नोव्हेंबर १९९३ ला शेनझेनमधल्या एका खेळण्यांच्या कारखान्यात आग लागली तेव्हा खिडक्यांना गज होते, दारं बंद होती. ८७ कामगार गेले, बहुतेक खेड्यातून आलेल्या तरुण मुली. आईबाप कामाला दूर गेल्यानं गावात मागं राहिलेली मुलं २०१० च्या जनगणनेवरून सहा कोटींच्या वर निघाली. ती बहुतेक आजी-आजोबांजवळ वाढली.

तर मैत्रिणींनो, सरकार की बाजार, हा प्रश्न या इतिहासात तसा एका शब्दात सुटत नाही. सगळं सरकारनं ठरवलं तेव्हा खोट्या आकड्यांनी माणसं मेली. बाजार आला तेव्हा ताटात भात आला, पण दवाखाना गेला. हळू बदल केला म्हणून लोक सावरले, पण हळू बदलातही पहिला कागद लिहिताना ज्याचं नाव राहिलं, त्याला ते लावून घ्यायला पिढी खर्ची घालावी लागली.

आपल्याकडेही बदल असाच पावलापावलानं येतोय. गट उत्पादक कंपनीला जोडले जातायत, माल थेट व्यापाऱ्याला जातोय, पिकाचे करार होतायत. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि अनेक गावांत नवऱ्यांनी थोडीफार जमीन बायकोच्या नावावर केली. कायदा यायची वाट न बघता, गावानं ठरवून केलेलं काम होतं ते.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं तीन गोष्टी बघून यावं, असं आम्ही सुचवतो. घरच्या सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का. उत्पादक कंपनीत शेअर कोणाच्या नावावर आहे. आणि मालाचे पैसे येतात ते खातं कोणाचं आहे. उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. ज्यांचं नाव कुठंच नाही, त्यांच्यापासून चर्चा सुरू करा. तलाठ्याकडे अर्ज कसा करायचा ते त्याच बैठकीत मिळून बघू.