सैल दोरी

आपल्या शाळेच्या दिवसांत लालबाग-परळच्या गल्ल्यांत हंडी फोडायला लागायचे ते फक्त खांदे. सर्वांत वर चढणाऱ्या पोराच्या डोक्याला फार तर रुमाल. आपल्या वर्गातला एक गोविंदा सातवीत असताना चौथ्या थरावरून पडला. हात गळ्यात बांधून सहामाहीला आला, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. हेल्मेट हवे होते, असे कुणाच्या मनातही आले नाही.

पुढे बक्षिसे लाखांत गेली, थर वाढले. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली, वयाची अट १४ वर्षांवर आली; हेल्मेट, कमरेचा पट्टा, गाद्या वापरल्या जातील, अशी हमी सरकारने दिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली.

तरी ‘दोरी बांधली की तो गोविंदा कसला?’ हे अजून ऐकू येते. गिर्यारोहणात हा वाद जुना आहे. १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर ऑक्सिजनच्या नळकांड्यांविना एव्हरेस्टवर पोहोचले, ते अशाच हट्टाने. पण कडे चढणारे एक फरक नीट करतात. ठोकलेल्या खिळ्यांवर, दोरीवर भार टाकून वर जाणे ही कृत्रिम साधनांची चढाई. हातापायांनीच चढायचे आणि दोरी फक्त पडल्यावर झेलायला ठेवायची, ही मुक्त चढाई. दोरी दोन्हीकडे असते. तिच्यावर भार कधी येतो, एवढाच प्रश्न.

हंडीलाही हाच निकष लावावा. वरून सोडलेली दोरी चढताना सैल असेल, तर थर खांद्यांवरच उभा असतो. स्पेनमधल्या कॅटलोनियातही असेच मानवी मनोरे रचतात. तिथे २००६ मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाला आणि वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. २०१० मध्ये त्या परंपरेला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. हेल्मेटने तिचा मान कमी झाला नाही.

आपला तो वर्गमित्र मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत भेटला. कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी आता महिला पथकात वरच्या थराला असते.

“पट्टा मी स्वतः तपासतो,” तो म्हणाला. “मगच तिला चढू देतो.”