आखडलेलं बोट आणि मांडव्याचा धडा

आज आपण सांध्यांच्या हालचालीचा इतिहास पाहणार आहोत, आणि तो आपल्याला मांडव्याच्या धक्क्यापर्यंत घेऊन जाणार आहे.

सांधा किती वाकतो, किती सरळ होतो, हे अंशांत मोजतात. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. अलिबाग-पेणकडच्या कबड्डीपटूला हे आकडे पाठ नसतील, पण चढाईत पाय लांब टाकायचा तर मांडी आणि घोटा मोकळा हवा, हे त्याला ठाऊक असतं. तो रोज ताण देतो, आणि कळ आली की थांबतो. कळ हीच त्याची मोजपट्टी. आता अशा माणसाचा विचार करू, ज्याला कळच येत नाही.

कुष्ठरोगात कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस अनेकदा निकामी होते. हाताच्या पंजातले बारीक स्नायू लुळे पडतात, बोटं आत वळतात, त्वचेची संवेदना जाते. सुरुवातीला दुसऱ्या हाताने बोट सरळ करता येतं. पण ते तसंच राहू दिलं, तर सांध्याभोवतीचं आवरण आणि बोटाच्या आतल्या बाजूची कातडी आखडते. मग बाहेरून जोर लावूनही बोट उघडत नाही.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस यावर शस्त्रक्रिया सुरू केली. चांगल्या स्नायूची कंडरा लुळ्या बोटाकडे वळवायची. आपल्याकडे हे काम डॉ. नोशीर अंतिया (१९२२-२००७) यांनी पुण्याजवळ कोंढव्याला केलं, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला.

पण एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. वळवलेली कंडरा बोटाला जोर देते, मोकळेपण देत नाही. सांधा आधीच दगड झालेला असेल, तर उत्तम शल्यविशारदही हात टेकतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी कित्येक आठवडे रोजचा साधा उद्योग असतो: हात साध्या पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने बोटं हळूहळू सरळ करायची. गरम पाणी नको, हिसका नको. भाजलं किंवा कातडी फाटली, तरी त्या माणसाला कळणार नाही. त्याची कळ दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहावी लागते.

हे डोळे आणायचे कुठून? रुग्णालय दूर, आणि रोगाची लाज इतकी की माणूस बोटं वाकेपर्यंत चट्टा लपवतो.

सत्तरच्या दशकात डॉ. अंतियांनी मांडवा परिसरात गावपातळीवर आरोग्यसेवेचा प्रयोग केला. जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ सालचं. सुमारे ३० गावं, ३०,००० लोकसंख्या, आणि काम करणाऱ्या गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायका. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग हे सगळं त्या सांभाळू लागल्या. डॉक्टरसमोर न उघडणारी पाठ शेजारणीसमोर उघडते. आणि चट्टा वेळेत सापडला, गोळ्या नियमित गेल्या, तर नस वाचण्याची शक्यता वाढते. नस वाचली की बोट आखडत नाही आणि शस्त्रक्रियेची वेळच येत नाही.

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. खेड्यातल्या बाईच्या हाती आरोग्याचं ज्ञान जाणं सगळ्यांनाच रुचलं नाही. स्थानिक विरोध वाढला आणि ऐंशीच्या दशकात काम थांबलं.

आज आपण फिजिओथेरपी म्हटलं की यंत्रं आणि क्लिनिक डोळ्यांपुढे आणतो. सांध्याचा कोन मोजायला तज्ज्ञ लागतो, हे खरंच. पण तो कोन टिकवण्याचं काम घरात, रोज, कोणाच्या तरी लक्षाने होतं. त्या लक्षाला आपण आरोग्यव्यवस्थेत जागा देतो की नाही, हा मांडव्याने विचारलेला प्रश्न अजून आपल्यासमोर आहे.