कसावा स्टार्च
यूफोर्बिएसी कुलातील मूळच्या दक्षिण अमेरिकी कसावा (मॅनिहॉट एस्क्युलेंटा) या झुडपाच्या मांसल मुळांपासून मिळणारे पिठूळ कर्बोदक. ताज्या मुळांत ते सुमारे २५ ते ३० टक्के असते. मुळे सोलून, किसून, लगदा पाण्याने गाळला की ते तळाशी बसते आणि मुळांतील सायनाइडजनक द्रव्यांचा मोठा भाग धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो.

त्यात प्रथिने व मेद अत्यल्प असल्याने त्याला स्वतःची चव वा वास जवळजवळ नसतो, आणि तापवल्यावर त्याची पारदर्शक, चिकट खळ बनते. या दोन गुणांमुळेच सूप, सॉस व मिठाई दाट करण्यासाठी ते मक्याच्या स्टार्चपेक्षा अनेकदा सरस ठरते. महाराष्ट्रात उपवासाला चालणारा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतील सेलम परिसरात याच स्टार्चचे ओलसर गोळे वळून, तव्यावर भाजून व उन्हात वाळवून तयार होतो. साबूताडाच्या खोडातील गरापासून होणारा मूळ साबुदाणा निराळा.

उद्योगात सुताला खळ देण्यासाठी, कागदाला बळकटी आणण्यासाठी, तसेच विकरांच्या साहाय्याने ग्लुकोज व अल्कोहॉल बनविण्यासाठी ते वापरतात. ते भाजून मिळणारे डेक्स्ट्रिन पाकिटांच्या व तिकिटांच्या डिंकात असते. थायलंड हा कसावा स्टार्चचा अग्रगण्य निर्यातदार देश आहे.