बार्तिमी सदनातली लेकरं: मनूचं अन्नवस्त्र, मिशनची दया आणि आपण



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मिशनवाले अपंग अनाथ मुलं गोळा करतात, त्यांचे फोटो दाखवून परदेशातून पैसा आणतात आणि मुलांना ख्रिस्ती करतात, असा मजकूर. ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. एकाने लिहिलं, "बरोबर आहे, धंदाच आहे तो." दुसऱ्याने मदर तेरेसांचा फोटो टाकून हात जोडले. मग एका पोराने मला थेट विचारलं, "ताई, यात आपली भूमिका काय?"

त्या रात्री मी उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न दोन ओळींत मिटणारा नाही. आधी इतिहास बघावा लागतो, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात आहे.

सुरुवात मनुस्मृतीपासून करू. आपण तिला शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रियांच्या गुलामीचा ग्रंथ म्हणून ओळखतो. पण नवव्या अध्यायात वारशाचे नियम आहेत, तिथे जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, मतिमंद यांना वडिलांच्या मालमत्तेत वाटा नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याच्या लगेच पुढे अशा माणसांना अन्नवस्त्र मात्र द्यावं, असंही आहे. म्हणजे पोटाला घाला, पण हक्क देऊ नका. अकराव्या अध्यायात तर आंधळेपण, बहिरेपण, व्यंग ही मागच्या जन्मीच्या पापाची उरलेली फळं ठरवली आहेत. एकदा फळ ठरलं की मूल उकिरड्यावर टाकणाऱ्यालाही अपराधी वाटण्याचं कारण उरत नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ती जाळली, तेव्हा या ओळीही जळल्या. आपल्या भाषणांत मात्र त्या कधी येत नाहीत. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, वारशातली ही अपात्रता दूर करणारा कायदा झाला. तोही अर्धाच. जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेल्याला त्यातूनही बाहेर ठेवलं होतं. ती उरलेली अट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने गेली. हा कायदा म्हणजे ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचाच एक तुकडा.

जाता जाता एक सांगते. या लेखात मी "दिव्यांग" हा शब्द वापरणार नाही. "हरिजन" म्हणून आपल्याला देवाची लेकरं केलं होतं आणि विहीर बंदच ठेवली होती, ते आपण विसरलेलो नाही.

आता दुष्काळाकडे. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००, असे दोन मोठे दुष्काळ तीन-चार वर्षांच्या अंतराने आले. दुसऱ्याला गुजरात-राजस्थानात अजूनही छप्पनिया म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ होतं. सरकारी कामांवर खडी फोडली की मजुरी मिळे. ज्याला काम जमत नाही त्याच्यासाठी फुकट मदतीची तरतूद नियमात होती, पण आईबाप मेलेल्या आंधळ्या पोराला त्या मदतीपर्यंत हाताला धरून नेणार कोण? आणि दुष्काळ नुसता मारत नाही, तो अपंगही करतो. भाजीपाला, दूध, चरबी पोटात गेली नाही की डोळ्याचं बुबुळ विरघळतं. त्यात गोवर किंवा देवी आल्या की दृष्टी जाते. म्हणजे त्या पोरांचं आंधळेपण मागच्या जन्मातून आलेलं नव्हतं. ते रिकाम्या कणगीतून आलं होतं. कणगी कोणाची आधी रिकामी होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या काळात या मुलांना उचललं कोणी? अमेरिकन मराठी मिशन तेव्हा अहमदनगर भागात अनेक दशकं काम करत होतं, आणि त्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत महार-मांगांची संख्या मोठी होती. त्याच मिशनच्या अॅना मिलार्ड या बाईंनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. दादरची अंध मुलींची शाळा तिचाच पुढचा वंश. त्याआधी, १८८५ च्या सुमारास, माझगावला कॅथलिक मिशनने मूकबधिरांची संस्था काढली होती. अमृतसरला १८८७ मध्ये अॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांची शाळा काढली, ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. देशातल्या या प्रकारच्या पहिल्या संस्थांची नावं काढली तर यादी अशीच निघते.

पण मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते केडगावला.

पंडिता रमाबाई आपल्याकडे एकतर "धर्म बुडवणारी बाई" म्हणून माहीत असतात किंवा "उच्चवर्णीयांची सुधारक" म्हणून. दुसरा आक्षेप अगदीच खोटा नाही. १८८७ चं त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दलच होतं. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होतं आणि तिथे जातीचे नियम पाळायची मुभा होती. तरीही १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून पुण्यात गदारोळ झाला, "केसरी" तुटून पडला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. त्याच्या आठ वर्षं आधी, १८८५ मध्ये, "सत्सार" काढून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेणारा माणूस जोतीराव फुले होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. पण ब्राह्मणाच्या घरातली विद्वान बाई तो धर्म का सोडते, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला.

रमाबाईंच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी मला केडगावच्या आधी सांगायच्या आहेत. पहिली, त्या स्वतः दुष्काळाच्या अनाथ होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, मग बहीण असे एकामागून एक गेले आणि रमाबाई भावाबरोबर पायी देशभर फिरत राहिल्या. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ते झालं नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते कमीच होत गेलं. बहिरेपणामुळे वैद्यकीचा दरवाजा बंद झालेली बाई पुढे अंध आणि अपंग मुलींसाठी घर बांधते, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात यायला हवी होती.

१८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला जी जमीन घेतली होती तिथे नेलं. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता या मुली फक्त ब्राह्मण विधवा नव्हत्या. जात विचारायला वेळ नव्हता आणि बऱ्याच लहानग्यांना ती सांगताही आली नसती. दुष्काळाने शारदा सदनाची मर्यादा मोडली. वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदनं झाली: म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी प्रीती सदन, फसवलेल्या मुलींसाठी कृपा सदन, आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. बायबलमधल्या आंधळ्या भिकाऱ्याचं नाव बार्तिमय, त्यावरून हे नाव. तिथे अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई, हातकाम शिकवलं जाई. नुसतं अन्नवस्त्र नव्हतं ते. ज्या मुलीला मनूने वाट्यातून वगळलं होतं, ती तिथे बोटांनी वाचत होती.

हे एवढं मान्य करायला आपल्या तोंडाला कुलूप का लागावं?

आता दुसरी बाजू. तीही तेवढीच खरी आहे आणि ती आपणच मांडली पाहिजे, फॉरवर्डवाल्यांवर सोडून चालणार नाही.

अनाथ मूल मिशनमध्ये आलं की ख्रिस्ती होत असे. त्याला विचारणार कोण आणि विचारलं तरी ते काय सांगणार? केडगावला १९०५ मध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली, शेकडो मुली रडत प्रार्थना करत होत्या असं मिशनचंच साहित्य अभिमानाने सांगतं. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं अभ्यास, वाद, पारख यांत गेली. पारख करायची संधी मिळाल्यावर घेतलेला धर्म आणि भाकरीबरोबर आलेला धर्म यांत फरक आहे. तो फरक मी झाकणार नाही. पण आठ वर्षांच्या अंध पोरीला तेव्हा भाकरीच दुसरीकडे कुठे मिळत नव्हती, हेही झाकणार नाही.

पैशाचाही मुद्दा आहे. न्यूयॉर्कच्या "ख्रिश्चन हेरल्ड" या साप्ताहिकाने दुष्काळात हाडं दिसणाऱ्या माणसांचे फोटो छापून वर्गणी गोळा केली आणि मिशनमधल्या हजारो अनाथांचा खर्च त्यातून चालला. पोरं जगली, पण जगाला दिसली ती कीव करण्याची वस्तू म्हणून. स्पर्धाही सुरू झाली. पोरं मिशनच्या हाती जाऊ नयेत म्हणून लाला लजपतराय आणि आर्य समाज दुष्काळग्रस्त अनाथ गोळा करायला उतरले. भुकेल्या पोराच्या दोन्ही बाजूंनी दोन धर्म ओढत होते.

बाबासाहेबांची मिशनवरची टीका याहून खोल आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. मिशनची कॉलेजं आणि दवाखाने यांचा फायदा उच्चवर्णीय हिंदूंनी उचलला, आणि ज्यांच्या जिवावर चर्च उभं आहे तो अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती गरीबच राहिला. चर्चमध्ये जात तशीच राहिली आणि मिशनरी तिच्याशी लढले नाहीत, हा त्यांचा आरोप. सेवा केली, पण अन्यायाविरुद्ध उभं राहायला शिकवलं नाही. अपंग अनाथांच्या बाबतीतही मला हेच दिसतं. मिशनने मूल सांभाळलं, पण ते मूल नागरिक आहे, त्याचा सरकारवर दावा आहे, ही भाषा त्या घरांतून आली नाही. दया देणारा थकला की दया संपते. २०१५ मध्ये दत्तकविधानाचे नवे नियम आले, एकट्या आणि घटस्फोटित व्यक्तींनाही मूल देता येईल असे. तेव्हा मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने दत्तक देण्याच्या कामातूनच अंग काढलं. मुलाच्या हक्कापेक्षा संस्थेचा धर्मविचार वर ठरला. आणि २५ डिसेंबर २०२१ ला, बरोबर नाताळच्या दिवशी, केंद्र सरकारने याच संस्थेचा परदेशी देणग्यांचा परवाना नूतनीकरणाविना ठेवला. जानेवारीत तो परत दिला. त्या दोन आठवड्यांत संस्थेतल्या पोरांचं काय, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या टीव्हीवाल्यांना पडला नाही.

आता आपल्याकडे वळू. इथे मला त्रास होतो, पण लिहिते.

१९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढे सिद्धार्थ, मिलिंद. आपण शिकू शकणाऱ्या पोरासाठी इमारती उभ्या केल्या आणि ते बरोबरच होतं, कारण दुसरं कोणी करत नव्हतं. पण ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, फळा दिसत नाही, बोलता येत नाही, त्या आपल्याच वस्तीतल्या पोरासाठी काय केलं? विहारांत रॅम्प किती आहेत हे मोजून बघा. आमच्या विहाराला सात पायऱ्या आहेत आणि कठडा नाही.

धम्माकडेही प्रामाणिकपणे बघू. विनयपिटकाच्या महावग्गात आंधळ्या, बहिऱ्या, हातपाय तुटलेल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. त्याच महावग्गात, आजारी भिक्खूला सगळ्यांनी टाकून दिलेलं असताना भगवंतांनी स्वतः त्याला आंघोळ घातली आणि माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा असं सांगितलं, हीही कथा आहे. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्याचा धम्म" लिहिताना मागच्या जन्माच्या कर्माने आजचं दुःख ठरतं हा विचार नाकारला. दोनांतलं काय उचलायचं हे त्यांनी आपल्याला दाखवून दिलं आहे. तरीही आपल्याच बायका अपंग मूल जन्मलं की "गेल्या जन्मीचं काहीतरी" म्हणताना मी ऐकते, घरात बाबासाहेबांचा फोटो असतो तरी.

हे काम फक्त मिशनच करू शकतं असंही नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर अपंग अनाथ मुलं वाढवली, बापाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. गाडगेबाबांच्या विचारातला माणूस, २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी एकच: अठरा वर्षं झाली की बालगृहातून बाहेर काढण्याचा नियम अपंग अनाथांना लावू नका. दत्तक घेणारी जोडपी धडधाकट तान्हं बाळ मागतात. विशेष गरजा असलेली मुलं मागे राहतात आणि गेली तर बरीचशी परदेशात जातात. जी राहतात त्यांना अठराव्या वाढदिवसाला भेट म्हणून दरवाजा मिळतो. पुढे अनुरक्षणगृह, तेही एकविसापर्यंत, आणि तेही जागा असेल तर.

मी दर महिन्याला एका मिशनच्या घरात जाते. नाव लिहीत नाही. तिथली एक मुलगी, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं कळायला वेळ लागतो, डोकं तल्लख. तिच्या फॉर्मवर आईचं नाव नाही, बापाचं नाही, जातीचा रकाना रिकामा. धर्माच्या रकान्यात "ख्रिश्चन" लिहिलेलं आहे. ते तिने लिहिलेलं नाही, पण तिथल्या सिस्टरनी तिला बारा वर्षं भरवलं, पुसलं, शिकवलं, हेही त्या फॉर्मवर कुठे नाही. तिला अठरा पूर्ण व्हायला सात महिने आहेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार तिला सरकारी नोकरीत चार टक्क्यांत जागा मागता येते, राज्याच्या अनाथ आरक्षणात एक टक्क्यात मागता येते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे, गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक मिळू शकतो. यातलं एकही काम आपोआप होत नाही. कोणीतरी कागद घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.

तर ज्याने ग्रुपवर विचारलं होतं त्याला: रविवारी सकाळी दहाला विहारात ये. वस्तीतल्या आणि त्या घरातल्या मुलांच्या अपंग ओळखपत्रांचे फॉर्म भरायचे आहेत. तीन पोरांना उचलून आणावं लागेल, पायऱ्या सात आहेत, म्हणून दोघं-तिघं धडधाकट मित्र बरोबर आण. आधार कार्डांच्या झेरॉक्स मी काढून ठेवते.