सनद आणि तिजोरी

इंग्लंडचा जॉन राजा मॅग्ना कार्टावर सही करतोय, अशी चित्रं पुष्कळ आहेत. सही झालीच नव्हती. टेम्सकाठी रनीमीडच्या कुरणावर जून 1215 मध्ये ठरलेल्या त्या सनदेला मेणाची राजमुद्रा लागली. जमलेल्या सरदारांना स्वातंत्र्याचा पुळका आला होता असंही नाही. त्यांचं दुखणं पैशाचं होतं.

1204 साली जॉनने नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडे गमावली. ती परत घ्यायची म्हणून त्याने सरदारांना पिळून काढलं. लढाईला न जाणाऱ्या जहागीरदाराने भरायचा 'स्क्यूटेज' त्याने वरचेवर लावला. बापाची जहागीर हवी तर भरा नजराणा. सरदाराच्या विधवेला पुन्हा लग्न नको असेल, तर त्याचाही नजराणा. जुलै 1214 मध्ये बूव्हीनच्या लढाईत त्याच्या दोस्तांचा धुव्वा उडाला आणि सगळा पैसा पाण्यात गेला. पुढच्याच मे महिन्यात बंडखोरांनी लंडन घेतलं.

त्यामुळे सनदेत तत्त्वज्ञान थोडं आणि तक्रारी फार. टेम्स आणि मेडवे नद्यांमधले मासे धरायचे बांध काढा, दारूचं नि धान्याचं माप राज्यभर एकच ठेवा, विधवेचं लग्न बळजबरीने लावू नका. या गर्दीतच पुढे गाजलेलं 39वं कलम आहे: बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कुणाही स्वतंत्र माणसाला कैद करायचं नाही. जमिनीला जखडलेली कुळं मात्र त्या 'स्वतंत्र' माणसांत मोडत नव्हती. 12वं कलम सांगतं, राज्याच्या सर्वसंमत सल्ल्याशिवाय स्क्यूटेज नाही.

आणि राजाने शब्द मोडला तर? त्यावर 61व्या कलमाचा तोडगा अफलातून होता. 25 सरदारांनी लक्ष ठेवायचं. चूक दाखवूनही 40 दिवसांत सुधारली नाही, तर राजाचे किल्ले, जमिनी जप्त करायच्या. फक्त राजा, राणी आणि मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही. म्हणजे बंडालाच कायद्याचा शिक्का! कुठला राजा हे सोसेल? जॉनने पोप तिसऱ्या इनोसंटकडे धाव घेतली आणि ऑगस्टमध्येच पोपने सनद रद्द केली. युद्ध पेटलं. ऑक्टोबर 1216 मध्ये जॉन वारला.

गादीवर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा हेन्री आला. बंडखोरांना परत वळवायचं म्हणून त्याच्या कारभाऱ्यांनी सनद पुन्हा काढली, पण 12वं आणि 61वं ही दोन्ही कलमं गाळून. दात काढलेली ही सनद जगली ती तिजोरी रिकामी पडत राहिली म्हणून. 1225 मध्ये हेन्रीने चल मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून मिळवला आणि बदल्यात सनद नव्याने दिली. 1297 मध्ये पहिल्या एडवर्डला फ्लँडर्सच्या लढाईसाठी पैसा हवा होता; तेव्हा सनदेला दुजोरा तर द्यावाच लागला, शिवाय नवे कर संमतीनेच घेईन असंही कबूल करावं लागलं. कागदावरून उडालेलं 12वं कलम असं मागल्या दाराने परत आलं.

पुढे पहिला चार्ल्स सक्तीची कर्जं उकळू लागला, तेव्हा कायदेपंडित एडवर्ड कोकने हीच जुनी सनद पार्लमेंटात उगारली. त्यातूनच आलेल्या 1628 च्या 'पिटिशन ऑफ राइट'ला चार्ल्सने मान्यता दिली ती पैशाच्या आशेने, आणि नंतर जुमानलं नाही. 1689 च्या 'बिल ऑफ राइट्स'ने मात्र पार्लमेंटच्या मंजुरीविना राजाने घेतलेला पैसा सरळ बेकायदा ठरवला. आपल्या संविधानाचं 265वं कलम याच घराण्यातलं: कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. 39व्या कलमाचे पोवाडे खुशाल गावेत. मला विचाराल तर राजांना खरा लगाम घातला तो 12व्याने.